विमानाला मुदतवाढ मिळते, मालाला मिळत नाही

(शिरूर अनंतपाळ येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात आपण नेहमी सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकविषयी, तुरीवरील मर रोगाविषयी किंवा हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलतो. आजचा विषय निराळा आहे. परदेशी माल नेणाऱ्या विमान कंपन्यांना एखादा मार्ग मंजूर होतो, परंतु त्या ठरलेल्या दिवशी सेवा सुरू करीत नाहीत आणि सरकारकडे मुदतवाढ मागतात. याचा आपल्या शेताशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल.

संबंध आहे. घरणी व साकोळ प्रकल्पांच्या पाण्यावर आणि विहीर-बोअरच्या भरवशावर या तालुक्यातील काही शेतकरी डाळिंब, ढोबळी मिरची, भेंडी, फुलशेती यांकडे वळत आहेत. "लातूरहून किंवा नांदेडहून माल थेट विमानाने परदेशी जाईल" ही चर्चा अधूनमधून ऐकू येते आणि त्या भरवशावर शेडनेटचे कर्ज काढावे काय, असे विचारले जाते. कर्ज काढण्यापूर्वी ही वाहतूक कशी चालते ते नीट समजून घ्यावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

परवाना म्हणजे विमान नव्हे

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क आहे. त्यामुळे एका देशाचे विमान दुसऱ्या देशात नेमाने माल नेणार असेल तर दोन्ही सरकारांत करार लागतो. त्या करारात कोणती ठिकाणे आणि किती फेऱ्या हे ठरते. मग प्रत्येक सरकार आपल्या वाट्याच्या फेऱ्या आपल्या कंपन्यांना देते. यानंतर विमान, वैमानिक, दोन्ही टोकांच्या विमानतळांवर उतरण्याची वेळ, माल हाताळणारी यंत्रणा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरपूर माल, या सर्व गोष्टी जुळाव्या लागतात. यापैकी एक जरी अडली तरी मार्ग कागदावरच राहतो.

तुम्हाला हे उसावरून चटकन समजेल. कारखान्याकडे उसाची नोंद झाली म्हणजे ऊस तुटला असे होत नाही. टोळी यावी लागते, वाहन यावे लागते, गाळपाची पाळी यावी लागते. मार्गाची मंजुरी ही नोंदीसारखी आहे आणि प्रत्यक्ष विमान हे टोळीसारखे आहे. फरक इतकाच, की तोड लांबली तर ऊस वजनात आणि उताऱ्यात मार खातो, पण उभा तरी राहतो. तोडलेली भेंडी किंवा खुडलेले फूल थांबत नाही.

कंपन्या मुदतवाढ का मागतात?

ज्या देशांशी फेऱ्यांची संख्या मर्यादित आहे, अशा मार्गांवर अमेरिकेचे वाहतूक खाते साधारणपणे अशी अट घालते की, मिळालेल्या फेऱ्या सलग ९० दिवस वापरल्या नाहीत तर त्या परत घेतल्या जातील व दुसऱ्या कंपनीला देता येतील. हेतू असा, की कोणी हक्क अडवून बसू नये. युरोपातही गर्दीच्या विमानतळांवर मिळालेल्या वेळांपैकी ८० टक्के वेळा वापरल्या नाहीत तर पुढील हंगामात त्यांवरचा हक्क जातो. परंतु अडचणीच्या काळात कंपन्या अर्ज करतात आणि सूट मिळते. २०२० साली महामारीत युरोपने हा ८० टक्क्यांचा नियम काही काळ बाजूस ठेवला होता.

मुदतवाढ मागण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. नवे विमान कारखान्यातून वेळेवर मिळत नाही. पलीकडच्या विमानतळावर सोयीची वेळ मिळत नाही. इंधन महागते. मंदी येऊन माल कमी होतो. शिवाय परतीचा भार नसतो. आपला टेम्पो मोंढ्यात माल टाकून रिकामा परतला तर भाडे परवडत नाही, तसेच विमानाचेही आहे. कंपनीच्या दृष्टीने यात काही गैर नाही. तोट्यात उडण्यापेक्षा हक्क राखून थांबणे तिला परवडते. मात्र त्या मार्गाच्या भरवशावर ज्याने लागवड केली त्याला थांबणे परवडत नाही. सरकारकडे अर्ज करून कंपनीची तारीख पुढे जाते, पिकाची काढणी पुढे जात नाही.

आपल्या देशातील नियम

भारताने १९९० पासून मालवाहू विमानांसाठी आकाश बरेचसे खुले केले. परदेशी मालवाहू विमानांना भारतात येणे सोपे झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सरकारने त्यात बदल केला. परदेशी कंपन्यांच्या वेळापत्रकाबाहेरील मालवाहू फेऱ्या मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा विमानतळांपुरत्या मर्यादित केल्या. त्यामुळे आपल्याकडे धावपट्टी आहे म्हणजे हंगामात परदेशी मालवाहू विमान येऊन उतरेल, ही समजूत मनातून काढून टाकावी.

सवलतींनाही मुदत असते. परदेशी जाणाऱ्या मालाच्या विमानभाड्यावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१८ मध्ये माफ झाला. ही माफी प्रथम सप्टेंबर २०१८ पर्यंत होती. नंतर ती दर वर्षी वाढत गेली आणि अखेर ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली. त्यानंतर १८ टक्के कर लागू झाला. उदाहरणादाखल, एक टन मालाचे भाडे किलोला १५० रुपये धरले तर दीड लाख रुपये भाडे आणि त्यावर २७ हजार रुपये कर होतो. निर्यातदाराला या कराचा परतावा मागता येतो, परंतु तो हाती येईपर्यंत पैसा अडकतो. लहान निर्यातदाराचा पैसा अडकला की शेतकऱ्याचे पेमेंट लांबते. म्हणून हिशेब मांडताना सवलत धरून एकदा आणि सवलत सोडून एकदा, असा दोन वेळा मांडावा.

मराठवाड्याचा अनुभव

नांदेडच्या विमानतळाचा विस्तार २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त झाला. त्या काळात तेथे आलेल्या किंगफिशरची सेवा टिकली नाही आणि २०१२ मध्ये ती कंपनीच बंद पडली. २००९ साली लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) हे विमानतळ दीर्घ मुदतीच्या करारावर खासगी कंपनीकडे दिले गेले, परंतु अपेक्षित वाहतूक उभी राहिली नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत हैदराबाद-नांदेड ही फेरी होती. ती चालविणारी ट्रूजेट कंपनी २०२२ मध्ये थांबली. २०२४ मध्ये नांदेडहून पुन्हा प्रवासी सेवा सुरू झाली.

ही सर्व सेवा प्रवाशांची होती. ट्रूजेटची एटीआर-७२ विमाने सुमारे ७० आसनांची. अशा विमानात प्रवाशांच्या सामानाबरोबर थोडाफार माल जातो, पेट्यांचा ट्रक जात नाही. उलट मोठ्या मालवाहू जंबो विमानात शंभर टनांच्या आसपास माल बसतो. तीन किलोच्या पेट्या धरल्या तर ३३ हजारांहून अधिक पेट्या झाल्या. एकाच दिवशी, एकाच प्रतीचा, परदेशी कसोटीला उतरणारा इतका माल आपल्या तालुक्यातून निघेल काय? उत्तर नाही असेल तर विमान का येत नाही याचेही उत्तर त्यातच आहे.

कृषी उडान योजना २०२० च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. भारतीय मालवाहू विमानांना उतरणे, थांबणे यांच्या शुल्कात सवलत देण्याची तिची रीत आहे व भर मुख्यतः ईशान्य, डोंगरी आणि आदिवासी भागांवर आहे. योजना चांगली आहे, परंतु शुल्क माफ केल्याने विमान भरत नाही. ते मालानेच भरते. नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि उड्डाणे त्याच डिसेंबरच्या अखेरीस सुरू झाली. मोठ्या कामांना असा काळ लागतो. डाळिंबाची बाग मात्र तिसऱ्या वर्षापासून फळ देऊ लागते आणि बँकेचा हप्ता त्याहीआधी सुरू होतो. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी" अशी आपली गत होऊ नये.

२०२० चा धडा

परदेशी जाणारा बराचसा नाशवंत माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे बंद झाली आणि ती नियमितपणे सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडले. मालवाहू विमानांवर बंदी नव्हती, परंतु पोटातील जागा नाहीशी झाल्याने भाडी वाढली. भेंडी, मिरची, फुले अशा एकाच वाटेवर अवलंबून असलेल्या मालाला त्याचा फटका बसला. ज्या मालाला जवळची बाजारपेठ होती, तो निदान विकला गेला.

दुसरी वाट शोधणारे शेतकरी

द्राक्ष बागायतदारांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९९१ साली महाग्रेप्स ही संस्था उभी राहिली. शेतातून निघालेली द्राक्षे लगेच पूर्वशीतगृहात घ्यायची, शून्य अंशाच्या आसपास ठेवायची, पेटीत गंधकाची गादी घालायची आणि शीतकंटेनरमधून समुद्रमार्गे युरोपला पाठवायची, ही पद्धत त्यांनी बसविली.

डाळिंबाचेही तसेच. २०२३ मध्ये अमेरिकेला भगव्या डाळिंबाची चाचणी खेप विमानाने गेली. मार्च २०२५ मध्ये सुमारे १४ टन डाळिंब समुद्रमार्गे पाच आठवड्यांच्या आत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चांगल्या स्थितीत पोहोचले. केळीची चाचणी खेप डिसेंबर २०२३ मध्ये बारामतीहून समुद्रमार्गे नेदरलँडला रवाना झाली. अर्धापूरच्या केळी उत्पादकांनी याची नोंद घ्यावी. माल जितका टिकाऊ करता येईल तितके विमानावरील अवलंबन कमी होते.

लागवडीपूर्वी काय पाहावे?

१) पिकाची निवड. डाळिंब पाच ते सात अंश तापमानात व ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत काही आठवडे टिकते. केळी १३-१४ अंशांवर टिकते. भेंडी मात्र आठवडाभरही कष्टाने टिकते. टिकाऊ पिकाला विमान चुकले तरी वाट उरते. कमी टिकणारे पीक घ्यायचे असेल तर लातूर, हैदराबाद किंवा पुण्याच्या बाजारातील दरावर हिशेब मांडावा. तो दर धरून हप्ता फिटत असेल तरच पुढे जावे. निर्यातीचा नफा हा वरचा समजावा.

२) चालू असलेले विमानतळ. परदेशी मालासाठी आपल्याला हैदराबादचे अंतर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास पडते आणि तेथे नाशवंत मालाची सोय आहे. परंतु केवळ अंतर पाहू नये. अमेरिकेसाठी डाळिंबावर विकिरण प्रक्रिया लागते आणि ती सोय वाशी येथे कृषी पणन मंडळाच्या केंद्रात आहे. कोणत्या देशासाठी कोणती प्रक्रिया लागते ते आधी विचारावे.

३) भाड्याचे वजन. विमानाचे भाडे खऱ्या वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त असेल त्यावर लागते. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागावे. ४० × ३० × २० सेंटिमीटरची पेटी ४ किलोची धरली जाते, मग आत मालासह वजन साडेतीन किलो का असेना. फुलांच्या पेट्यांत हा फरक फारच मोठा पडतो.

४) कागदपत्रे. अपेडाच्या प्रणालीत बागेची नोंदणी, फवारणीची वही, उर्वरित अंश तपासणी आणि कीड-रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांची तयारी हंगामाआधी करावी. विमान आले आणि कागद नाही, असे झाले तर दोष विमानाचा नाही.

५) करार. निर्यातदाराशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. माल बांधावर विकला गेला की विमानतळावर? विमान रद्द झाले किंवा मार्ग पुढे ढकलला तर माल कोणाचा आणि किमान दर किती? पैसे किती दिवसांत? वाहतुकीत उशीर किंवा नुकसान झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी वजनाप्रमाणे मर्यादित असते, मालाच्या किमतीप्रमाणे नव्हे. आणि मार्ग सुरूच झाला नाही तर तिच्याकडे मागण्यासारखे काही नसते. म्हणून तुमचे संरक्षण तुमच्या करारातच आहे.

६) गट. एकट्याच्या दोन एकरांनी काही साधत नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकच वाण, एकच बहार आणि एकच प्रतवारी ठरवावी. पूर्वशीतकरणाची सोय प्रथम करावी. ती विमान आले तरी उपयोगी, रस्त्याने माल गेला तरी उपयोगी आणि समुद्राने गेला तरी उपयोगी पडते. कर्ज काढायचेच असेल तर ते अशा सोयीसाठी आधी काढावे.

शेवटी एक साधा नियम लक्षात ठेवावा. "मार्ग मंजूर झाला" या बातमीवर लागवड करू नये. "सेवा सुरू झाली" या बातमीवर चौकशी करावी. सेवा दोन हंगाम टिकली, भाडे ठरले, आपल्यासारख्या दुसऱ्या शेतकऱ्याला पैसे मिळाले, हे स्वतः जाऊन पाहावे आणि मगच क्षेत्र वाढवावे. तोपर्यंत अर्धा एकर किंवा एक एकरावर प्रयोग करून पीक, प्रतवारी व साठवण यांत हात बसवून घ्यावा. उद्या विमान खरोखरच आले तर त्याला देण्यासारखा माल आपल्याकडे असेल, आणि नाही आले तरी शेत गहाण पडणार नाही.