कोळंबीची साले आणि आपली मुले



कोळंबी सोलून आपण साले फेकून देतो. त्याच सालींतील कायटिनपासून कायटोसान नावाचा पदार्थ करतात. त्याच्या रेणूंच्या साखळ्या फार लांब असतात. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी त्या तुटतात आणि तुकडे पाण्यात सहज विरघळतात. बुरशीच्या अंगातही कायटिन असते. म्हणून हे द्रावण अगदी थोडे फवारले, तरी झाडाला बुरशी आल्यासारखे वाटते. ते रोगाशी लढायला सज्ज होते आणि वाढही सुधारते. किरणांमुळे हा पदार्थ किरणोत्सर्गी होत नाही, हे ध्यानात ठेवा.

हे संशोधन परदेशातलेच नव्हे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ते झाले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्रा. मसरूर खान यांनी समुद्रशेवाळातील अल्जिनेट असेच किरणांखाली ठेवून पुदिन्यावर प्रयोग केले.

पालकहो, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून ट्रॉम्बे लोकलच्या अंतरावर आहे. अडते ते दहावीनंतर घरात होणाऱ्या निर्णयापाशी. मुलाला, आणि विशेषतः मुलीला, विज्ञान शिकायचे असेल तर अडवू नका. टाकलेल्या सालीचेही मोल इल्मने कळते. मग आपल्या लेकरांचे मोल केवढे!