दुभत्या गाईच्या लाथा



पत्रिकेत माझा विषय 'परदेशी अद्भुतकथा : एक आढावा' असा छापलाय. आढावा काही मी घेणार नाही. टॉल्किन तुम्हाला माहीत आहेत, आणि हॅरी पॉटरचे पैसे तुम्हीच भरलेत. (हशा) मी बोलणार आहे ती अजून लिहूनही न झालेल्या पुस्तकाबद्दल.

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाची 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह' ही दहा खंडांची योजलेली मालिका. पहिला खंड 2010 चा. पाचवा, 'विंड अँड ट्रुथ', डिसेंबर 2024 मध्ये आला, 1300 हून जास्त पानांचा. सहावा 2031 च्या आगेमागे, असं लेखक म्हणतो. माझ्या केसांकडे बघू नका, मी थांबणार आहे. (हशा) कारण उरलेल्या पाच खंडांत रेनारिन हा मुख्य पात्रांपैकी एक असणार आहे.

रेनारिन हा एका नामांकित सेनापतीचा धाकटा मुलगा. लढवय्यांच्या घरात हा अबोल, हातातली डबी हाताळत बसणारा. लेखकानेच सांगितलंय की तो ऑटिस्टिक आहे. कथेत तो शब्द नाही, कारण त्या जगात तो शब्दच नाही.

आता माझं म्हणणं. आपण वेगळ्या माणसाला घरात घेतो ते 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' या हिशेबाने. दूध असेल तर लाथ चालते. सँडरसनची पहिली प्रकाशित कादंबरी 'एलांट्रिस', 2005 ची. तिच्यातही एक ऑटिस्टिक मुलगा आहे, एडियन. तो पावलं मोजतो. शेवटी नायकाला जादूने दूरच्या शहरी पोचायचं असतं, तेव्हा हा दहा लाखांवरच्या पावलांचा अचूक आकडा सांगतो. नायक पोचतो. एडियनचं काम झालं.

हे वाचताना मला आमच्या नात्यातला एक मुलगा आठवला. कुठलीही तारीख सांगा, तो वार सांगतो. एका लग्नात त्याच्या काकांनी त्याला पंगतीतून फिरवला. '15 ऑगस्ट 1947?' 'शुक्रवार.' वा! मग जो तो आपल्या लग्नाची तारीख विचारायला लागला. एका मावशींना त्यांच्या साखरपुड्याचा वार पटेना, त्यांनी यजमानांना हाक मारली, यजमानांना तारीखच आठवेना, (हशा) तिथे वेगळंच रामायण झालं. आणि हा मुलगा मधूनमधून विचारतोय, 'तुम्ही कुठल्या एसटीने आलात? थेट, की बदलून?' त्याचा खरा जीव एसटीच्या वेळापत्रकात. उत्तर कुणी दिलं नाही. संध्याकाळी बँड सुरू झाला, त्याने कान दाबून ओरडायला सुरुवात केली, तेव्हा तीच मंडळी म्हणाली, 'अशांना आणावं कशाला?'

असो. हे बोलायचं ठरलं नव्हतं. घड्याळ मला दिसतंय, अध्यक्षमहाराज.

तर एडियनच्याच रांगेतली सँडरसनची स्टेरिस. प्रत्येक गोष्टीची यादी करणारी बाई, माझी फार लाडकी. पण 2022 च्या 'द लॉस्ट मेटल' या कादंबरीत तिच्या संकटकाळच्या आराखड्यांवर अख्खं शहर विसंबतं. पुन्हा दूध! रेनारिनलाही भविष्य दिसतं, म्हणजे तोही दुभता, असं मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटतंय. ऐकू येतं मला. पण त्याच्या समाजात भविष्य पाहणं हे पाप आहे, आणि त्याला दिसलेलं चुकतंसुद्धा. स्टॉर्मलाइटच्याच 'ओथब्रिंगर' या खंडात त्याला दिसतं की चुलत बहीण जास्ना आपल्याला मारणार. ती खरोखर तलवार घेऊन मागे येते. हा पळत नाही, मान डोलावतो. आणि ती त्याला मिठी मारते. सगळं भाकीत पाण्यात! त्या क्षणी त्याचा कुणाला काही उपयोग नाही, तरी तो हवा आहे.

शिवाय, या जगात वादळातल्या तेजाने जखमा भरतात. रेनारिनचा चष्मा सुटतो. ऑटिझम तसाच राहतो, कारण तो त्याचा आजार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मग याच मालिकेतल्या अझीर देशाबद्दल एकच वाक्य: तिथे पुरुषाला पुरुष आवडत असेल, तर आधी अर्ज भरावा लागतो. (हशा) हो, आपल्याला ओळखीचं वाटतं ते.

पाचव्या खंडात रेनारिनचं प्रेम जुळतं ते रलेनशी. रलेनही पुरुषच, पण माणूस नव्हे. त्याच्या जमातीत प्रत्येक भावनेला एकेक लय आहे, आणि बोलणं त्या लयीत. समोरचा चिडलाय की थट्टा करतोय, हे भुवयांवरून ताडत बसायला नको, आवाजातच आहे. चेहरे वाचताना ज्याची दमछाक होते त्याला याहून चांगला जोडीदार कोणता? समलिंगी जोडी दाखवायची म्हणून दाखवली, असं ज्यांना वाटलं त्यांनी ही जोडी नीट वाचलेली नाही. टीका झाली, ठाऊक आहे. कुणाला हे फार झालं, कुणाला फार उशिरा. लेखक मॉर्मन, त्यांच्या चर्चच्या विद्यापीठात शिकवणारा. आपली मतं बदलत गेली हे त्याने स्वतः लिहिलंय. 'मग त्याने चर्च का सोडलं नाही?' हा प्रश्न त्याला विचारा, माझ्याकडे का बघता? (हशा)

घंटा झाली. स्त्रियांनी वाचायचं आणि पुरुषांनी निरक्षर राहायचं ही त्या जगातली रीत राहूनच गेली, ती पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. पुढच्या खंडांकडून माझी मागणी छोटी आहे. रेनारिनने एखाद्या सबंध प्रकरणात जगाच्या काडीच्याही कामी येऊ नये. रलेनशी क्षुल्लक कारणावरून भांडावं, दोघांपैकी चूक त्याचीच असावी, आणि त्याने ती कबूल करायला चांगली पन्नास पानं लावावीत.