‘येते’ आणि ‘तयार आहे’
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या पाच वर्षांच्या नातवाने दूरध्वनीवरून मला एक प्रश्न विचारला. माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्ट येथे राहतो. नातवाचा जन्मही तेथलाच. मराठी त्याला कळते, परंतु बोलावयाची वेळ आली की तोंडून शब्द येतात ते जर्मन. त्या दिवशी तो म्हणाला, “ओपा, कान्स्ट डू डॉइच?” ओपा म्हणजे आजोबा. “आजोबा, तुम्हांला जर्मन येते का?”

मी सहा महिने जर्मनच्या वर्गाला जात होतो. प्रश्न मला अक्षरशः कळला. तरीही माझ्या तोंडून उत्तर गेले, “नाइन.” नाही. पोराने थोडा वेळ वाट पाहिली आणि दूरध्वनी आपल्या बापाच्या हाती दिला.

ज्या भाषेतील प्रश्न मला समजला व ज्या भाषेत मी उत्तर दिले, तीच भाषा मला येत नाही असे मी सांगितले होते! माझे शिक्षण बेताचेच. मॅट्रिक झालो, अध्यापनाची पदविका घेतली आणि प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे शिकविले. तेव्हा भाषाशास्त्रावर प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्या एका ‘नाइन’मध्ये किती चुका होत्या ते मला मागाहून उमगले, आणि तेवढ्यापुरतेच आज बोलावयाचे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, आणि आता परिचारिकेचे वा वीजजोडणीचे काम शिकलेली आपल्याकडील मुलेमुलीही जर्मनची पहिली पुस्तके उघडून बसली आहेत. त्यांना व त्यांच्या घरच्यांना यातील काही उपयोगी पडले तर मला समाधान वाटेल.

प्रथम ‘येणे’ या शब्दाकडे पाहू. आपण म्हणतो, “मला पोहता येते, पण आज सर्दीमुळे मी पोहू शकत नाही.” शिकून अंगी आलेली गोष्ट ‘येते’ने सांगावयाची आणि त्या वेळची शक्यता ‘शकतो’ने, असा भेद मराठी नकळत पाळते. जर्मनमध्ये या दोहोंना एकच क्रियापद आहे : ‘क्योनन’. ओठ ‘ओ’सारखे गोल करून ‘ए’ म्हणावयाचा प्रयत्न केला की त्यातला पहिला स्वर साधतो. ‘मी’ या अर्थाच्या शब्दातील शेवटचा ध्वनी ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे; मी तो ‘इश’ असा उच्चारतो. तेव्हा “इश कान श्विमन” म्हणजे मला पोहता येते. आणि “होइटं कान इश निश्ट श्विमन” म्हणजे आज मी पोहू शकत नाही.

येथे मराठी विद्यार्थी हमखास तीन ठिकाणी अडखळतो, आणि तिन्ही ठिकाणी मी स्वतः अडखळलो आहे. पहिली अडचण ‘मला’ या शब्दाची. आपल्याकडे विद्या ‘मला’ येते. जर्मनमध्ये मात्र कर्ता प्रथमेतच उभा राहतो. ‘मला’चा जर्मन प्रतिशब्द शोधीत बसलो की वाक्य बिघडलेच. दुसरी अडचण रूपांची. ‘मी’ आणि ‘तो’ या दोहोंबरोबर रूप एकच, ‘कान’. प्रत्यय काही लागत नाही. ‘तू’बरोबर ‘कान्स्ट’ आणि ‘आम्ही’बरोबर पुन्हा मूळचे ‘क्योनन’. तिसरी अडचण जागेची. ‘कान’ दुसऱ्या स्थानी बसते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात वाक्याच्या अगदी शेवटी जाते. ही तिसरी अडचण मराठी माणसाने फारशी मानू नये. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

एके ठिकाणी तर दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या वागतात. “मला जर्मन येते” असे म्हणताना आपण ‘बोलता’ हा शब्द घालीत नाही. जर्मन माणूसही “इश कान डॉइच” एवढेच म्हणतो. ‘क्योनन’चा जुना अर्थ ‘जाणणे’ असा होता. कलेला जर्मनमध्ये ‘कुन्स्ट’ म्हणतात, तो शब्दही याच मुळातून निघाला आहे.

परवानगी मागावयाची असेल तर मात्र ‘कान’पेक्षा ‘डार्फ’ हा शब्द चांगला. “गुरुजी, मी आत येऊ का?” हे वाक्य मी पस्तीस वर्षे ऐकले; त्याचे जर्मन “डार्फ इश हेराइनकॉमन?” असे होईल.

आता ‘तयार’. हा शब्द आपल्या घरात किती कामे करतो पाहा. स्वयंपाक तयार होतो, झाडावर फळ तयार होते, आणि शेजारी अडचणीत असला तर आपण मदतीला तयार होतो. जर्मन भाषेने ही तीन कामे तीन शब्दांना वाटून दिली आहेत. स्वयंपाक ‘फेर्टिश’ होतो, म्हणजे त्याचे करावयाचे ते करून झाले. फळ ‘राइफ’ होते, म्हणजे पक्व होते. आणि माणूस मदतीला ‘बेराइट’ असतो, म्हणजे त्याच्या मनाची सिद्धता असते. “इश बिन बेराइट त्सू हेल्फन”, मी मदत करावयास तयार आहे. यातील ‘त्सू’ हा लहानसा शब्द विसरू नये. ‘बेराइट’ला तो लागतो, ‘कान’ला चालत नाही.

हे शब्द एकमेकांच्या जागी घातले तर फजिती होते. आमच्या वर्गात शिक्षिकेने एकदा मला विचारले, “झिंट झी बेराइट?” आपण तयार आहात ना? मी मोठ्या ऐटीने उत्तर दिले, “इश बिन फेर्टिश!” प्रसंगानुसार या वाक्याचा अर्थ ‘माझे आवरले’ असा होतो, तसाच ‘मी पार थकलो’ असाही होतो. धडा अजून सुरू व्हावयाचा होता. सगळा वर्ग हसला आणि मीही हसलो.

पण त्याच शब्दाने पुढे मला विचार करावयास लावले. ‘फेर्टिश’ हा ‘फार्ट’ म्हणजे प्रवास या शब्दावरून आलेला. मुळात तो प्रवासाला निघण्यास सिद्ध झालेल्याचा वाचक होता, आणि त्यावरूनच साधलेला ‘फेर्टिशकाइट’ हा शब्द आज कौशल्य या अर्थी वापरतात. आपण गवयाची ‘तयारी’ म्हणतो तेव्हा आपल्या मनातही कौशल्यच असते. म्हणजे दोन्ही भाषांनी तयारी आणि कौशल्य यांना शेजारी बसविले आहे. साहजिकच आपली अशी समजूत होते की आधी तयारी पुरी व्हावी, मग कौशल्य दाखवावे, आणि तोपर्यंत गप्प बसावे. माझ्या ‘नाइन’चे मूळ येथे होते. मी पूर्ण तयार नव्हतो, म्हणून मला येत नाही असे मी ठरवून टाकले.

ही समजूत चुकीची आहे हे मला एका रूक्ष वाटणाऱ्या कागदाने शिकविले. युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाची एक सामाईक चौकट प्रसिद्ध केली. तीत सहा पायऱ्या आहेत, ए-१ पासून सी-२ पर्यंत. आपल्याकडील जर्मनच्या परीक्षाही त्याच पायऱ्यांनी चालतात. त्या पायऱ्यांचे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. विद्यार्थ्याला काय येत नाही याची यादी तेथे मुख्यतः नाहीच. त्याला काय ‘येते’ हेच तेथे सांगितले आहे. वाक्यामागून वाक्य ‘कान’, ‘कान’ असेच चालते. पहिल्या पायरीवरच्या माणसाला स्वतःची ओळख करून देता येते, तो कोठे राहतो, कोणाला ओळखतो, त्याच्याजवळ काय आहे असले साधे प्रश्न विचारता येतात व त्यांची उत्तरे देता येतात. आणि शेवटी तेथे म्हटले आहे की, समोरचा माणूस सावकाश व स्पष्ट बोलत असेल आणि मदत करावयास तयार असेल, तर त्याला साधे संभाषणही करता येते.

हे शेवटचे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. जर्मन मजकुरात तेथे ‘बेराइट’ हाच शब्द आहे. मी आजवर तयारी ही शिकणाऱ्याकडूनच मागत आलो होतो. येथे ती समोरच्याकडूनही मागितलेली होती. नवशिक्याचे ‘येते’ हे ऐकणाऱ्याच्या ‘तयार आहे’वर टेकलेले असते, असे त्या कागदाने मला सांगितले.

श्रोतेहो, त्या वेळी मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. त्याचे नाव येथे सांगत नाही. घरी दुसरी भाषा बोलणारे ते कुटुंब कामासाठी आमच्या गावी आले होते. मुलगा बुद्धीने तल्लख, गणितात पहिला. पण मराठी बोलताना अडखळे व लिंग-वचन चुके. कविता म्हणावयास तो एकदा उत्साहाने उभा राहिला. पहिल्याच ओळीत उच्चार चुकला, मुले हसली, आणि मी त्याला म्हणालो, “आधी नीट तयारी कर, मग उभा राहा.” मी रागाने बोललो नव्हतो. त्याच्या हिताचेच बोलतो आहे असे मला वाटत होते. तो खाली बसला आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा उभा राहिला नाही. पुढच्या वर्षी त्याचे कुटुंब गाव सोडून गेले. माझ्याकडे त्याची तयारी नसल्याची नोंद होती. माझी तयारी नव्हती हे मला साठीनंतर, दुसऱ्याच्या भाषेत अडखळू लागल्यावर कळले.

म्हणून जर्मन शिकू लागलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ‘येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्यात ‘अजून’ हा शब्द घाला. जर्मनमध्ये त्याला ‘नोख’ म्हणतात. “इश कान नोख निश्ट”, मला अजून येत नाही. आणि जेवढे येते तेवढे ‘आइन बिसशन’ म्हणून मोकळेपणाने सांगा. ‘बिसशन’ म्हणजे मुळात एक लहानसा घास. घासभर भाषा आली, तरी ती आलीच. घरच्या वडीलधाऱ्यांना सांगणे असे की, तुमची मुलगी जेवताना दोन वाक्ये मोडकीतोडकी बोलून पाहील, तेव्हा तिला हसू नका व घाईने दुरुस्तही करू नका.

संक्रांतीला पुन्हा दूरध्वनी आला, तेव्हा मीच विषय काढला. म्हणालो, “इश कान आइन बिसशन डॉइच. आबर इश कान नोख निश्ट श्नेल श्प्रेशन.” मला थोडे जर्मन येते, पण अजून भरभर बोलता येत नाही. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग नातू म्हणाला, “डान श्प्रेश इश लांगझाम, ओपा.” मग मी सावकाश बोलतो, आजोबा.

आणि तो खरोखरच एकेक शब्द सुटा करून मला आपल्या शाळेतली गंमत सांगू लागला. त्यातली निम्मी मला कळली.