वाडा विकणे आहे

माझे एक स्नेही तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक आहेत. गेल्या वर्षी त्यांची आणि धाकट्या भावाची जमीन रस्त्यात गेली, मोबदल्याची रक्कम हाती आली. ‘पैसा हातात टिकत नाही, तो घरात घालावा,’ असं दोघांनी ठरवलं. तेवढ्यात एक जाहिरात वाचनात आली : पुण्यात पेठेतला चार बिऱ्हाडांचा ऐतिहासिक वाडा, नूतनीकरण केलेला, विकणे आहे. गुरुजी मला म्हणाले, “तुमचं लहानपण वाड्यात गेलंय. एकदा बघायला चला.”

गेलो. दिंडी दरवाजाला नवं पॉलिश, चौकात चकचकीत फरशी, भिंतींना गुलाबी रंग. भाऊ तर खूषच झाला. विकणारे गृहस्थ ‘दोनशे वर्षांचा वाडा’ असं पुन्हापुन्हा सांगत होते. मी इतिहास शिकवतो. पण वाड्याचं नुसतं वय ऐकून भुलू नये. त्याची हाडं बघावीत. वाड्याची हाडं म्हणजे लाकूड. दगडी जोत्यावर खांब, खांबांवर तुळया. सारा भार त्यांच्यावर. शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली, लाकूड जळालं. आज आपण पाहतो ती मुख्यतः जोती आणि तट.

पुढच्या खोलीत रंगाला फुगे आले होते. बोटानं दाबलं तर पापुद्रा निघाला. आत सिमेंटचा नवा गिलावा! आता हे नीट ध्यानात घ्या, कारण गावाकडच्या जुन्या घरांनाही हेच लागू आहे. चुन्याची भिंत ओल घेते आणि पुन्हा हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि वर चढते. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं लाकूड कुजू लागतं, वाळवीला आयतं घर मिळतं. वरून मात्र सगळं नवं दिसतं.

मागच्या सोप्यात एका दाराला पडदा होता. “इथं कोण राहतं?” गुरुजींनी विचारलं. “ते बघू नंतर,” विकणारे म्हणाले. तेवढ्यात पडदा सरला. आत एक आजी होत्या. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर दोन वर्षांनी त्या या खोल्यांत सून म्हणून आल्या होत्या. त्यांच्या भिंतींना नव्या मालकानं हात लावला नव्हता. जुना चुना, जुने कोनाडे. आणि भिंत खडखडीत कोरडी! आजींनी आम्हाला पाणी दिलं आणि गुरुजींना शांतपणे विचारलं, “घर घेताय बाबा, का आम्हालाही घेताय?”

गुरुजी निरुत्तर झाले. जाहिरातीत आजी नव्हत्या. कायद्यात मात्र त्या आहेत. घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. आधी १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. मालकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. कित्येक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या दरावर बांधलं गेलं. त्या भाड्यात कौलं चाळायची मजुरीसुद्धा निघत नव्हती. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि मध्ये वाडा खचत गेला. माझे वडील भाडेकरू होते, तरी हे मला मान्य करावं लागतं.

म्हणून असं घर घेताना काय पाहावं? शेताला जसा सातबारा, तसं शहरातल्या मिळकतीला प्रॉपर्टी कार्ड. त्यावर कोणाकोणाची नावं आहेत आणि ते सगळे सही करायला तयार आहेत का, हे आधी बघा. भाडेकरूंची यादी पावत्यांसह मागा. वाडा महानगरपालिकेच्या वारसा-यादीत आहे का, हे विचारा. असेल तर परवानगीवाचून मोडतोड करता येत नाही. आणि वकिलाबरोबर एक जुना सुतारही न्या. तो तुळईच्या टोकाला आणि खांबाच्या पायथ्याशी टोचा मारून जे सांगेल, ते रंगावरून कळायचं नाही.

परतताना रिक्षात भाऊ म्हणाला, “म्हातारी अशी किती दिवस राहणार? काहीतरी देऊन उठवू.”

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपली जमीन घेताना आपल्याला कुणी धड विचारलं नाही, म्हणून आपण वर्षभर बोलत होतो. आता आपणच न विचारता बोलायला लागलो!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विकणाऱ्यांना निरोप दिला : आजींचा हक्क खरेदीखतात लिहा, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करण्याचा खर्च किमतीतून वजा करा, मग बोलू. अजून उत्तर आलेलं नाही. पैसे बँकेत आहेत. भाऊ थोडा रुसलाय. गुरुजी मात्र पुढच्या रविवारी पुन्हा पुण्याला यायचे आहेत. या खेपेला सुताराला घेऊन, आणि आजींसाठी गावच्या शेंगा घेऊन.