रंगूनमध्ये आम्ही उभयता



2016 च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता ब्रह्मदेशातील रंगून, म्हणजे आजचे यांगून, येथे आठ दिवस राहून आलो. ट्रॅव्हल कंपनी नाही, गाईड नाही. पाठीवर एकेक सॅक आणि कोलकात्यापर्यंतचे रेल्वेचे तिकीट. तेथून पुढे विमान. बँकेत नोटा मोजण्यात आयुष्य गेले, तरी तिथला एक नियम नवाच वाटला. घडी पडलेली डॉलरची नोट तिथे कोणी घेत नसे. म्हणून कोऱ्या नोटा वहीच्या पानांत सपाट ठेवून नेल्या होत्या.

मुक्काम सुले पॅगोड्याजवळच्या साध्या लॉजवर. शहराभोवती फिरणारी लोकल आहे. सुमारे 46 किलोमीटर, 39 स्थानके, तिकीट तेव्हा 200 क्यात होते. भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बाया पाहून आम्हांला परळ-दादरची आठवण झाली. त्यांनी आम्हांला सरकून जागा दिली.

रंगूनशी आपला संबंध जुना. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा 1862 साली तिथे वारला. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1916 साली आपल्या रत्नागिरीत वारला. आणि डिसेंबर 1954 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले. त्याच महिन्याच्या 25 तारखेला देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. ती मूर्ती रंगूनचीच. 1954 ते 1956 या काळात सहावी धम्मसंगीती जिथे भरली, त्या काबा ए येथील महापासाण गुहेतही आम्ही बराच वेळ शांत बसलो.

आता श्वेडगॉनविषयी. सुमारे 99 मीटर उंचीचा सोन्याने मढवलेला स्तूप. गोराईचा पॅगोडा त्याच्याच धर्तीवर बांधलेला आहे. मोजे-चपला पायथ्याशी काढून वर गेलो. जन्मवाराप्रमाणे आठ कोपरे आहेत. बुधवारचे दोन भाग करून आठ वार होतात. लोक आपापल्या वाराच्या मूर्तीवर पाणी ओततात. आमचे हात पुढे झाले नाहीत. पुढे वरच्या ओट्याकडे जाण्याचा विषय निघाला, तेव्हा कळले की तिथे स्त्रियांना प्रवेश नाही. सौ. म्हणाली, "महाडच्या तळ्यावर आणि काळारामाच्या दारात आपली माणसं कशासाठी उभी राहिली होती?" आम्ही दोघेही खालीच बसलो आणि तिथूनच वंदन केले.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्याने घरातले दोष काढू नयेत. ते खरे. त्या लोकांनी आम्हांला वाट दाखवली, पाणी दिले, भाषा येत नसताना हसून बोलले. त्यांचा मान आम्ही राखला. पण परंपरेने चालत आले एवढ्यावरच काही मानू नका, तपासून घ्या, हे कालामांना बुद्धांनीच सांगितले. बौद्ध देशातली प्रत्येक रूढी म्हणजे धम्म नव्हे, हा धडा आम्हांला पुस्तकात नव्हे, त्या पायऱ्यांवर मिळाला.

फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तो देश यादवीत होरपळला. लोकलमधल्या त्या बायांची आठवण येते, मन अस्वस्थ होते.

विद्यार्थी मित्रहो, थोडे पैसे साठवा, खूप वाचा आणि बाहेर पडा. आदराने पाहा, पण डोळे उघडे ठेवून पाहा. एवढे बोलून आम्ही रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!