सह्याद्रीचा हिवाळी उजेड

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवरील डोंगरवाटांनी, पाठीवर पिशवी आणि खांद्यावर तिपाई घेतलेली मंडळी अलीकडे वरचेवर दिसू लागली आहेत. एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराने आठ-दहा जणांना बरोबर घ्यावे, गावातला एक वाटाड्या सोबतीला घ्यावा, डोंगरावर एक-दोन रात्रींचा मुक्काम करावा आणि पहाटेच्या व सांजेच्या उजेडात निसर्गदृश्ये टिपण्याची विद्या चालता-चालता शिकवावी, असा या सहलींचा शिरस्ता आहे. परदेशात तो जुना आहे. पर्वतांच्या छायाचित्रांसाठी विख्यात झालेले अमेरिकेतील आन्सेल ॲडम्स हे १९५५ पासून कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या दरीत दरवर्षी असे वर्ग भरवीत असत. तेथील हिवाळा म्हणजे हिमाचा. आपल्याकडे हिम नाही, आणि थंडी म्हणावी तर तीही पहाटेपुरतीच. मग या छंदासाठी आपल्याकडचा हिवाळाच का निवडायचा, आणि त्यासाठी वाटाड्या तरी कशाला हवा, या दोन प्रश्नांचा विचार आज करू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकाशात आहे. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर वसलेली असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, आपली सावली आपल्याच पायांखाली नाहीशी होते आणि समोरचा डोंगर, त्याच्या सोंडा, घळी आणि खिंडी यांच्यासकट, सपाट दिसू लागतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तोच सूर्य भर दुपारीही दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर चढतो, म्हणजे उभ्या माणसाची सावली मध्यान्हीदेखील त्याच्या उंचीच्या जवळपास भरते. छायाचित्र हे सपाट कागदावरचे असते. त्यातील डोंगराला खोली देते ती सावलीच. पावसाळ्यात ढग ही सावली पुसून टाकतात आणि उन्हाळ्यात सूर्यच ती गिळतो, तेव्हा उरतो तो हिवाळा.

त्यात धुक्याची भर पडते. या दिवसांत वारा जमिनीकडून येणारा आणि कोरडा असतो, आकाश निरभ्र असल्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्या स्पर्शाने गार झालेली जड हवा उतारांवरून ओघळत दऱ्यांत साचते, आणि जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्यांच्या खोऱ्यांत पहाटे धुक्याचे थर जमतात. खाली गावात उभे असणाऱ्याला त्या धुक्यात दहा हातांवरचे दिसत नाही. पण कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या माथ्यावर उभे असणाऱ्याला तेच धुके वरून दिसते, आणि त्यातून वर आलेले डोंगरमाथे बेटांसारखे भासतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वाटाड्याच्या गरजेकडे येण्यापूर्वी आपल्या मुलखाची एक विशेष रचना ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्री आहे; म्हणजे सूर्य आपल्याला डोंगराआडून मिळतो. कोकणात उभे राहून सकाळी सह्याद्रीकडे पाहिले तर कड्याचे आपल्याकडचे अंग अंधारात असते आणि हाती लागते ती केवळ त्याची काळी बाह्यरेषा. तोच कडा तिसऱ्या प्रहरानंतर उजळू लागतो. आणि हिवाळ्यात मावळता सूर्य ऐन पश्चिमेस नसून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असल्यामुळे त्याचा प्रकाश कड्यावर नैर्ऋत्येकडून तिरका पडतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेल्या त्या काळ्या पाषाणातील प्रत्येक पायरी मग वेगळी मोजता येते. तेव्हा नियम असा की, कोकणातून कडा टिपायचा तो सायंकाळी, आणि सकाळ साधायची असेल तर कड्याच्या माथ्यावर जाऊन पाठ सूर्याकडे करून पश्चिमेस पाहायचे.

माथ्यावरून सकाळी जे दिसते ते गणितानेही सांगता येईल. सूर्य क्षितिजापासून तीन अंश वर आला असता, पायथ्यापासून ९०० मीटर उंच असलेल्या कड्याची सावली सपाट भूमीवर सुमारे १७ किलोमीटर पसरते. तो दहा अंशांवर येताच ती पाच किलोमीटरांवर येते. तीनवरून दहा अंशांवर चढायला सूर्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे तेवढ्या अवधीत सह्याद्रीची सावली कोकणावरून बारा किलोमीटर मागे हटते आणि वाटेतील एकेक टेकडी, एकेक वाडी, एकेक पऱ्या उजेडात येत जातो. जो छायाचित्रकार या अर्ध्या तासात तिपाई मांडत बसला, त्याची सकाळ फुकट गेली असे समजावे.

अशा सहलीसाठी जिल्ह्यातील उत्तम जागा कोणती असे विचाराल, तर मी खेड तालुक्यातील रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड या दुर्गत्रयीचे नाव घेईन. हे तिन्ही गड सह्याद्रीच्या मुख्य रांगेवर नसून तिला जवळपास समांतर धावणाऱ्या एका वेगळ्या डोंगररांगेवर आहेत, आणि दोहोंमध्ये जगबुडीचे खोरे आहे. त्यामुळे मुख्य रांगेची पश्चिम भिंत, मधुमकरंदगडासह, येथून समोरासमोर आणि पुरेशा अंतरावरून दिसते. पहाटे मधली दरी धुक्याने भरते आणि सायंकाळी तीच भिंत आपल्या पाठीमागच्या सूर्याने उजळते. एकाच मुक्कामावरून दोन्ही प्रहर साधणारी अशी ठिकाणे विरळा. रसाळगडावर झोलाई देवीच्या देवळाच्या आश्रयाने रात्र काढता येते. सुमारगडाची वाट मात्र दाट रानातली आणि अवघड असल्यामुळे तेथे वाटाड्यावाचून पाऊल टाकू नये.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी जांभ्याचे सडे आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील सड्यांवरच्या कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला, हे आपण जाणताच. ही चित्रे कातळात उथळ कोरलेली असल्यामुळे दुपारच्या उन्हात ती जवळजवळ विरून जातात. पण सकाळ-संध्याकाळच्या आडव्या प्रकाशात खोदलेल्या प्रत्येक रेषेच्या कडेला सावली धरते आणि कशेळीचा तो भव्य हत्ती आपल्या पोटातील प्राण्यांसह स्पष्ट वाचता येतो. ही शिल्पे टिपताना त्यांवर पाय देऊ नये आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नये.

कॅमेऱ्याविषयी एकच तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक नवशिक्यांची चित्रे तेथेच बिघडतात. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक यंत्र समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालते. त्याच्यापुढे पांढरे धुके आले की ते प्रकाश कमी करते आणि धुके मळकट उतरते. काळा कडा किंवा काळवंडलेला कातळ आला की ते प्रकाश वाढवते आणि दगड फिकट पडतो. म्हणून धुक्याला यंत्र सांगते त्याहून एक घर (स्टॉप) प्रकाश अधिक द्यावा, आणि काळ्या पाषाणाला तितकाच कमी. बाकी सारे तपशील सरावाने येतात.

आणि आता वाटाड्या. छायाचित्रकार प्रकाश शिकवील. परंतु कोणत्या माचीवर सूर्य आधी पोचतो, कोणत्या टाक्यात पौषातही पाणी टिकते, कोणत्या कड्याला आग्या मोहोळ लागले आहे आणि तेथे धूर वा उग्र सुगंधी द्रव्य का चालणार नाही, कोणत्या उतारावर वाळलेले गवत पावलाखालून सरकते, ही माहिती कोणत्याही दफ्तरात नोंदलेली नाही. ती त्या डोंगरावर गुरे चारणाऱ्याच्या, राबासाठी कवळ तोडणाऱ्याच्या वहिवाटीत आहे. म्हणून त्याला केवळ ओझे वाहणारा न मानता सहलीचा दुसरा शिक्षक मानावे, त्याचा मेहनताना आधी ठरवून पुरता द्यावा आणि त्याने ‘इथून पुढे नको’ म्हटले की वाद न घालता मागे फिरावे. प्रचितगडासारख्या, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीशी संबंधित जागी जायचे तर वनखात्याचा परवाना आधी घ्यावा. आणि सुकलेल्या गवतात शेकोटी पेटवू नये, कारण एका ठिणगीचा वणवा सबंध डोंगर काळा करतो.

शेवटी एक विनंती. घरी परतल्यावर आपल्या प्रत्येक छायाचित्राखाली गावाचे नाव, तारीख, वेळ, आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो ते, आणि वाटाड्याची संमती असेल तर त्याचे नाव, एवढे अवश्य लिहा. आणि पुढील हिवाळ्यात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे राहा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. त्याआधी ते उतार कसे होते, त्यांवर झाडी किती होती, हे सांगणारी तारीखवार चित्रे गावोगावी असती तर त्यांचे मोल आज कळले असते. नुसते सुंदर चित्र भिंतीवर शोभते. ठिकाण आणि वेळ यांची नोंद असलेले चित्र हा मुलखाचा दस्तऐवज ठरतो, आणि तो तयार करण्याचे काम कोणत्याही सरकारी हुकुमाची वाट न पाहता आपणा छंदिष्टांना याच हिवाळ्यात सुरू करता येईल.