लोंबती वायर

मागच्या पावसाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मीला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. मेकॅनिकनं गाडी उचलून खाली स्टँड लावले, सायलेन्सर निवेपर्यंत चहा पाजला आणि मग मला वाकून बघायला लावलं. ऑक्सिजन सेन्सरची वायर क्लिप तुटून लोंबत होती. तापल्या नळीला टेकून तिचं वरचं आवरण भाजलं होतं. आतली तार शाबूत होती, हे नशीब.

हा सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो, त्यावरून इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसखाली त्याला नीट मोजता येत नाही, म्हणून आत हीटर असतो. (सकाळच्या चहाआधी माझंही असंच असतं.)

मी प्लॅस्टिकची पट्टी पुढे केली. “चाचा, ही वितळेल,” पोरगा म्हणाला. त्यानं वायरीवर उष्णता सोसणारी नळी चढवली, नळकांड्यापासून दूर, पत्र्याला लोखंडी क्लिपनं बांधली. मी म्हटलं, “ताणून बांध.” “इंजिन रबरावर हलतं. ताणली तर तुटेल,” तो म्हणाला.

दिवा विझला. पहाटे प्रत्येक गतिरोधकावर माझा कान खालीच होता. अम्मी म्हणाली, “सावकाश.”